तुझ्या नावावरचं परमिट

आई, गेल्या मंगळवारी मला सहावा शॉक दिला. तू असतीस तर आधी रागावली असतीस आणि मग हसली असतीस. जन्मभर खांबावर चढून करंटपासून अंग वाचवत आलेला तुझा वायरमन लेक रिटायर झाल्यावर आपल्या पायांनी दवाखान्यात गेला आणि खाटेवर पडून म्हणाला, लावा. चार महिने मी तुझ्यासारखाच भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. गोळ्या बदलून झाल्या, जेवण सुटलं, अंघोळ सुटली, नात मांडीवर येऊन बसली तरी तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटेना. तेव्हा मला कळलं, तुला काय झालं होतं. तू गेल्यावर बावीस वर्षांनी कळलं.

शेणव्याच्या घरातली तुझी चूल मला अजून स्वच्छ दिसते. मी मुरबाडला नोकरीला लागलो त्या आठवड्यात तू जुन्या लुगड्याची पिशवी शिवलीस, माझे रबरी हातमोजे ठेवायला. सकाळी भाकरी तव्यावर टाकून तेवढ्यात तू मोज्यांत पावडर घालायचीस, घामाने चिकटू नयेत म्हणून. एकदा मी मोजे घरीच विसरून गेलो आणि तळहात भाजून आलो, तर दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी ताट पुढे सारून म्हणालीस, "करंटला आई नसते रे. तुला हाय." लाईन बंद आहे हे तुला कसं कळतं, असंही तू विचारायचीस, आणि मी तुला परमिट समजावायचो. लाईन बंद झाली की काम करणाऱ्याने आपल्या नावावर परमिट, म्हणजे कामाचा परवाना, घ्यायचं. काम झालं की त्यानेच आपल्या सहीने ते परत करायचं, तेव्हाच करंट सोडायचा. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी, अगदी साहेबानेसुद्धा, काही सांगायचं नाही. हे तुला फार पटलं होतं. शेजारणींना सांगत सुटली होतीस.

मग त्या वर्षी लावणी उरकली आणि तू बांधावर बसलीस ती उठेचनास. घरी आणलं तर चुलीपुढे बसायचीस, भात उतू जायचा आणि तू नुसती बघत राहायचीस. भगत झाला, अंगारे झाले, शहापूरच्या डॉक्टरची टॉनिकं झाली. गणपतीपर्यंत तुझं पाणीसुद्धा चमच्यावर आलं, तेव्हा आम्ही तुला कल्याणला नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला बसवून शांतपणे सांगितलं, की गोळ्या लागू पडायला आठवडे लागतील आणि आईकडे तेवढे दिवस नाहीत. भूल देऊन शॉक देऊ, त्यांना कळणारही नाही. थोडं विसरायला होईल, बरंचसं परत येईल. मी तिला व्होल्ट विचारले. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस मी, तिच्याशी वाद घातला. माझ्या डोळ्यांसमोर करंट लागून खांबाला लटकलेला माझा कामावरचा जोडीदार होता, आणि डोळखांबची चुलती होती. चुलतीला जुन्या काळी भूल न देता, चौघांनी धरून शॉक दिले होते. परत आली तेव्हा तिला स्वतःची पोरं ओळखता येईनात. ती भीती खोटी नव्हती, आई. पण माझ्यासमोर बसलेली बाई वेगळं काहीतरी सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो.

आणि आता त्या दवाखान्यातलं ते बाकडं. धाकटी चहा आणायला गेलेली. तू माझ्या खांद्याला टेकून बसलीस. आठ दिवस तोंडातून शब्द नव्हता, आणि तू म्हणालीस, "दे रे तो करंट. व्हायचा तो होऊ दे. आता नाय सोसवत." मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. धाकटी आली, म्हणाली, "दादा, सही कर रे. ती जेवत नाय." आणि मी म्हणालो, आई नको म्हणते. तूही ते ऐकलंस. माझ्याकडे बघितलंस आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतलास. मग कधीच काही बोलली नाहीस. आम्ही तुला घरी आणलं आणि सोळाव्या दिवशी तू गेलीस. उपाशी गेलीस. शॉकने वाचली असतीस की नाही, मला ठाऊक नाही, डॉक्टरीणही छातीठोक म्हणाली नव्हती. पण परमिट तुझ्या नावावर होतं. ते तुझ्या वतीने मी परत केलं.

या खेपेला संमतीचा कागद माझ्या पोरीच्या हातात होता. डॉक्टरने तो तिच्याकडून घेऊन माझ्यापुढे ठेवला, म्हणाला, बाबा, तुम्ही सांगा. मी आपल्या हाताने सही केली. चौथ्या शॉकनंतर एका सकाळी मला भूक लागली. पोर स्वयंपाकघरात जाऊन रडली. फुकट काही मिळालेलं नाही. आठवणीतून मागची दिवाळी गेली, नातीचं बारसं गेलं, फोटो दाखवतात आणि मी मान डोलावतो. परवा मुरबाडच्या सबस्टेशनचा फाटा आठवेना, जिथे मी तीस वर्षं गेलो. लोक दारात येऊन विचारतात, चांगलं का वाईट? चुलतीला विचारलं असतं तर तिने वेगळं सांगितलं असतं. मी जेवतो आहे, एवढंच मी सांगतो.

रविवारी धाकटी किन्हवलीहून आली होती. नाचणीची भाकरी घेऊन. मी दोन खाल्ल्या, ती बघत बसली. मग म्हणाली, "आई तवा हो बोलली असती, तर आज असती रे दादा." तिच्या मनात गेली बावीस वर्षं तुझ्यावर राग आहे, मरायचं तूच ठरवलंस म्हणून. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटी मागितली.

तुला लिहिलेला हा कागद खरं तर तिला द्यायला हवा. तो मी तुझ्या लुगड्याच्या पिशवीत ठेवतो आहे, मोज्यांखाली, आणि तिथे कुणी हात घालत नाही हे मला माहीत आहे. अजून एक. शॉकने आठवण जाते, हे डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. भूल चढताना, सहाही वेळा, मी मनात एकच मागत होतो, की त्या बाकड्यावर तू जे बोललीस तेवढं जावं. बारसं गेलं. ते गेलं नाही.