तवनाप्पांनी भक्कम केलेली सायकल

तासगाव,
९ मार्च १९९६

तीर्थस्वरूप मामांना आर्जवचा जयजिनेंद्र.

मामींची कंबर आता कशी आहे? माझी विचारू नका, तिच्याबद्दलच हे पत्र आहे.

तुम्ही दिलेली जाड टायरची, गिअरची सायकल. तिच्या सांगाड्याच्या नळ्या पोलादी, पण बारीक. बेदाण्याच्या शेडकडे जाणारी वाट म्हणजे नुसते दगड, तरी पुढच्या चाकाला बसलेला दणका सीटपर्यंत येता येता विरून जायचा. चढावर उभे राहून पायडल मारले की सांगाडा किंचित कलायचा आणि सावरता सावरता मलाच पुढे ढकलायचा (असे मी शेडवर बोललो, तेव्हापासून तिथले लोक माझ्याशी जपून बोलतात). दिवसभर बेदाणा निवडून जीव आंबला, तरी घरी जाताना तेवढे एक सुख होते.

मागच्या महिन्यात स्वप्नालीला बघायला गेलो. आमची पसंती लगेच कळवली, त्यांचा होकार राहिला. तिचे वडील तवनाप्पा द्राक्षबागायतदार. त्यांनी माझे शिक्षण विचारले नाही (बरेच झाले), नोकरीही विचारली नाही. सरळ अंगणात जाऊन पायडलवर पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. सांगाडा हलला.

“आवं पाव्हणं, ह्ये हलतंय की. हलत्या गाडीवर माझी पोरगी बसायची न्हाई.”

त्या हलण्यातच तिचा गुण आहे, हे मी परोपरीने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि जोतीराम वेल्डरला बोलावणे धाडले. हा जोतीराम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. त्याने ट्रॉलीचेच लोखंडी अँगल सांगाड्याला आडवेतिडवे जोडून दिले. काम मायेने केलेले, होकार अडकलेला. मी आभार मानले.

आता सायकल हलत नाही. मी हलतो. वाटेतला खडा दाढेत कळतो.

परवा त्यांनी पुन्हा बोलावले. गेलो तो सायकलवरूनच (एस.टी.ने जाणे म्हणजे त्यांच्या अँगलचा अपमान). पोहोचल्यावर बसणे शक्यच नव्हते. खुर्ची पुढे केली, नको म्हणालो. सतरंजी घातली, नको म्हणालो. चहा खांबाला टेकून प्यालो. सगळे घर माझ्याकडे बघत होते. स्वप्नालीही. मला वाटले, संपले. तेवढ्यात तवनाप्पा बायकोला म्हणाले, “थोरामोठ्यांम्होरं बसत न्हाई. असं पोरगं आता कुठं मिळतंय?”

साखरपुडा ठरला. तुम्ही दोघांनी यायचेच आहे.

तुमचा
आर्जव

ता. क. खरे काम हे, की साखरपुड्याला याल तेव्हा ‘सायकल माझी आहे, थोडे दिवस हवी’ असे चारचौघांत म्हणा, साताऱ्याला न्या आणि ते अँगल कापून घ्या. मला तसे म्हणवणार नाही.

आणखी एक ता. क. वरचे काम इतक्यात नको. पत्र टाकायला निघालो तर वाटेत स्वप्नाली भेटली. न बसण्याचे खरे कारण मी तिला सांगून टाकले. ती हसली नाही. म्हणाली, “अप्पांना तुमच्यातलं तेवढंच आवडलंय. लग्न होईपर्यंत बसू नका.”