खालच्या बाकाचं तापमान

२ जून, सोमवार

आज डॉ. लिंड्रूस बाईंनी रिपोर्ट वाचून दाखवला. माझा. माझ्या बायकोचे, हेलीचे, सगळे ठीक आहेत, म्हणजे तिच्या वयाला शोभतील इतपत. माझ्या नमुन्यात मात्र जवळजवळ कोणीच नव्हतं. शोधावं लागलं. चार शुक्राणू सापडले, त्यातला एक हलत होता. बाई म्हणाल्या, लाखो नकोत आम्हाला, प्रयोगशाळेत एका स्त्रीबीजात एकच सोडतो. पण तो जिवंत तरी हवा ना.

मग विचारलं, सौना? वाफेच्या खोलीत किती बसता? मी म्हणालो, माफक. हेली म्हणाली, आठवड्यातून चारदा. सोसायटीचा, कंपनीचा, पोहायच्या तलावावरचा आणि माझ्या बाबांकडचा.

तीन महिने बंद, उष्णतेने ते मरतात. नवीन माल तयार व्हायला तेवढा वेळ लागतो म्हणे. १५ सप्टेंबरला पुन्हा नमुना. ९ ऑक्टोबरला हेली चाळीस पूर्ण करते. सरकारी दवाखान्यात उपचार चाळिशीच्या आत सुरू व्हावे लागतात, नाहीतर दार बंद. खासगी आम्हाला झेपणारं नाही. म्हणजे संधी एकच.

बाई म्हणाल्या, उष्णता कुठे कुठे लागते ते वहीत लिहीत जा, कोणाला दाखवायचं नाही, स्वतःसाठी. ही ती वही.

मी सुपरमार्केटचे फ्रीज दुरुस्त करतो. अठरा वर्षं शीतसाखळी सांभाळतोय. तीन महिने एक वस्तू थंड ठेवायची, हे मला कोणी शिकवायला नको. आजपासून सौना बंद म्हणजे बंद.

६ जून, शुक्रवार. संध्याकाळी ५

अडचण. शुक्रवारी सात ते आठ हा तळघरातल्या सौनात आमचा तास. शुक्रवारच्या तासासाठी सहा वर्षं वेटिंग लिस्टवर होतो. सी विंगचे हुओतारी आजोबा वारले तेव्हा मिळाला. ओळख नव्हती, तरी दफनाला गेलो होतो. सोसायटीच्या अध्यक्ष रासानेन बाईंचा नियम आहे, सलग तीनदा तास रिकामा गेला की पुढच्याला. उद्या मूल झाल्यावर त्याला न्यायचं कुठे? तेव्हा तास राखणं मुलाच्याच हिताचं आहे. हेलीला म्हणालो, नुसता कपडे बदलायच्या खोलीत बसून येतो, दार वाजलेलं बाईंना ऐकू गेलं की झालं. ती म्हणाली, बरं, बस.

८.१५

बसलो. थर्मामीटर बरोबर होताच, म्हणून आत डोकावलो. वरचा बाक ८१, खालचा ४६. दुबईत लोक एवढ्या उन्हात कामाला जातात आणि त्यांना मुलं होतात. ४६ला सौना म्हणत नाहीत. पंचवीस मिनिटं बसलो, खालीच. तो बाक लहान मुलांचा. माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

आणखी एक. मी पाच मिनिटं आधी पोचलो होतो. आमच्या आधीचा तास ए विंगच्या एतुचा. एतु, त्याची बायको आणि छोटी हिल्ला. ते नुकतेच गेले होते. फरशीवर ओली पावलं होती. दोन मोठे जोड, एक लहान. लहान जोड शॉवरपासून दारापर्यंत गेला होता, परत आला होता, पुन्हा गेला होता. वाळायला चार मिनिटं लागली.

१३ जून, शुक्रवार

उपाय सापडला. वाटाण्याचं फ्रोझन पाकीट टॉवेलात गुंडाळून त्यावर बसायचं. वर वाफ, खाली उणे अठरा. हे आधी कोणाला कसं सुचलं नाही. वरच्या बाकावर दहा मिनिटं, प्रयोग म्हणून.

दहा मिनिटं आधी गेलो होतो. फरशीचा निचरा बरोबर नाही असा मला संशय आहे, म्हणून टेप घेऊन गेलो. लहान पाऊल: १५ सेंमी.

१५ जून, रविवार

हेलीने तेच वाटाणे सूपमध्ये घातले. शीतसाखळी तुटलेला माल खाऊ नये हे मी जन्मभर लोकांना सांगत आलोय. म्हणालो, भूक नाही.

२० जून, शुक्रवार. मध्य उन्हाळ्याचा सण

सासऱ्यांच्या तळ्याकाठच्या घरी. घरात कोणाला काही सांगितलेलं नाही. आणि आजच्या दिवशी, सगळा देश सौनात असताना, सौनाला नाही म्हणायचं म्हणजे दवंडी पिटण्यासारखं. म्हणालो, अंगावर पुरळ आलंय. सासरे म्हणाले, जावईबापू, सौनाने जात नाही असलं पुरळ अजून जन्माला यायचंय, चला.

९२ अंश. सासऱ्यांनी खालच्या बाकावर हात ठेवून सांगितलं, माझ्या आईची चारही बाळंतपणं इथे झाली, या फळीवर. तीन जगली. चौथी मुलगी दुसऱ्या दिवशी गेली, तिला शेवटची आंघोळही इथेच घातली. मग त्यांनी भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी मारलं. मला वरून खालच्या बाकाकडे बघवेना. तिथे कोणीतरी अंग चोरून बसलंय असं सारखं वाटत होतं.

बाहेर आलो तेव्हा हेली धक्क्यावर टॉवेल घेऊन उभी. तिने मला सॉसेज दिला.

सासुरवाडीचं तापमान या वहीत धरायचं नाही. तो शिष्टाचार.

३१ जुलै, गुरुवार

अख्खा जुलै एकदाही नाही. एकतीस दिवस. मनाचा निश्चय असला की काय अवघड आहे. (सोसायटीचा सौना जुलैभर दुरुस्तीला बंद असतो, तो भाग वेगळा. कंपनीचाही. तलावाचाही. सासरे लॅपलँडला गेले होते.)

आता एवढं पुण्य गाठीशी आहे की ऑगस्ट जरा सैल सोडला तरी चालेल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पावणेसातला गेलो. ते अजून आत होते. कॉरिडॉरमध्ये थांबलो. दाराआडून पाण्याचा आवाज, मग लहान हसू, मग एतु म्हणाला, आता कान, आता दुसरा कान. ते गेल्यावर मी आत गेलो. पाऊल १५.३. सात आठवड्यांत तीन मिलिमीटर.

वरच्या बाकावर पंचवीस मिनिटं. वाटाणे घरी विसरलो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हिल्ला आज तीन वर्षांची झाली, असं एतुची बायको लिफ्टमध्ये कोणाला तरी सांगत होती.

आमचंही ऑगस्टमध्येच तीन वर्षांचं झालं असतं. दहाव्या आठवड्यात गेलं. हेलीने त्यानंतर त्याचा विषय काढला नाही आणि मीही नाही. त्याचं पाऊल केवढं असतं हे मला कुठून कळणार होतं. आता कळतं. १५.४.

आज फक्त निचरा तपासला. आणि थोडी वाफ.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

लिफ्टजवळ नोटीस. रासानेन बाईंचं अक्षर. आधीच्या कुटुंबाचा तास संपल्याशिवाय खाली जाऊ नये. कॉरिडॉरमध्ये विनाकारण उभे राहू नये. रोख उघड आहे. बी विंगचा तुओमिनेन. त्याला दुसऱ्यांच्या वेळात घुसायची सवयच आहे. जिन्यात बाई भेटल्या तेव्हा म्हणालो, बरं झालं लिहिलंत, काही माणसांना सांगितल्याशिवाय कळत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, कळलं ना, मग झालं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

हेलीची आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये गेलो. फरशी बघितली. एकच जोड, तिचा. असणार दुसरं काय. तरी वाळेपर्यंत तिथे उभा राहिलो. हेलीने बाहेरून विचारलं, बरं वाटत नाहीये का. म्हणालो, नळाचं वायसर बघतोय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दहा दिवस उरले. आजपासून कडक.

साडेसहालाच खाली गेलो, म्हणजे सौनात बसायची वेळच येऊ नये, नुसतं बघून परत यावं म्हणून. कॉरिडॉरचा दिवा आपोआप विझतो, मी तो पुन्हा लावला नाही. आत ती काहीतरी गाणं म्हणत होती. दार उघडलं तेव्हा मी भिंतीला लागून उभा होतो. एतु दचकला. मी म्हणालो, निचरा.

नंतर आत गेलो. बघून परत यायचं होतं, पण एवढ्यात परत गेलो असतो तर हेलीला वाटलं असतं काहीतरी बिनसलं. चाळीस मिनिटं. ८४ अंश.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एतु दारातच थांबला होता. कमरेला टॉवेल, केस ओले. मुलीला बायकोबरोबर आधी वर पाठवून दिलं होतं. म्हणाला, यार्को, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हिल्ला आता शुक्रवार आला की रडते. म्हणते, बाहेर तो उभा असतो. कोण विचारलं तर म्हणते, सौनाचा राखणदार, तो आपण जायची वाट बघतो. माणूस चांगला आहेस तू, मला माहितीये. पण जरा उशिरा येत जा ना.

आमच्याकडे शेवटची वाफ सौनाच्या अदृश्य राखणदारासाठी सोडायची रीत आहे. लहानपणी मीही त्याला घाबरायचो. एतुला म्हणालो, मुलांची कल्पनाशक्ती जबरदस्त असते. तो म्हणाला, हो.

इतके आठवडे मला वाटत होतं तिथे दुसरंच कोणीतरी आहे. होतं, ते मीच होतो. आज पावलं वाळून गेलेली होती. बसलो नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

नमुना तासाभरात पोचवायचा आणि अंगाइतका उबदार ठेवायचा. अठरा वर्षं थंडीची नोकरी केली आणि शेवटी डबी काखेत धरून चाळीस किलोमीटर. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की सीटचा हीटर तीनवर आहे. सवय. बंद केला. मग वाटलं, डबीला बरं, म्हणून पुन्हा लावला.

मन म्हणतंय वाढले असणार. जुलैचं पुण्य आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सहा. एकही हलत नव्हता.

बाईंनी विचारलं, सौना पूर्ण बंद होता? मी तोंड उघडणार होतो, खरंच उघडणार होतो, तेवढ्यात हेली म्हणाली, जूनपासून एकदाही नाही.

बाई म्हणाल्या, मग उष्णतेचं कारण नाही. ते असतं तर मी समितीला पत्र लिहून तीन महिने वाढवून मागितले असते, वाढदिवसाच्या पुढे. तीस तारखेपर्यंत लिहिलेली तशी पत्रं मान्य होतात. पण तुम्ही सगळं पाळूनही हे असं, तर वाट बघून काय मिळणार. दात्याच्या नमुन्यासाठी दीड वर्षाची रांग, आणि वयाची अट तीच. मग त्यांनी चष्मा काढला. हेली त्यांना थँक्यू म्हणाली.

गाडीत हेली घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

निर्णय. सोमवारी सकाळी आठ ते नऊ या फोनच्या वेळात बाईंना सगळं सांगायचं. तापमानं, मिनिटं, तारखा. वही आहेच. त्या पत्र लिहितील. हेलीला कळायची गरज नाही. सोपं आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

रांगेत अकरावा होतो. तेवढ्यात एका दुकानाचा कॉम्प्रेसर बसला. दोनशे किलो आइस्क्रीम. कर्तव्य आधी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फोन लागला. मशीन म्हणालं, आम्हीच फोन करू. त्यांनी केला तेव्हा मी शीतगृहाच्या आत होतो, तिथे रेंज नसते. आत तसं काही काम नव्हतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

खरं लिहितो, कोणी वाचणार नाहीये. नाही सांगितलं तर दोष नशिबाचा. सांगितलं तर माझा. हेली सात वर्षं सुया, गोळ्या, तपासण्या सगळं निमूट करत आली, आणि मला खालच्या बाकावरून उठता आलं नाही. भीती वाटते. उद्या नक्की.

३० सप्टेंबर, मंगळवार

आठला फोन लावला. आठ चाळीसला नंबर आला. नर्स म्हणाली, बोला, काय काम होतं. मी म्हणालो, तुमच्या कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या कूलरचा आवाज बरोबर नाही, गॅस कमी झाला असेल, कोणाला तरी बघायला सांगा. ती म्हणाली, अरे वा, सांगते, थँक्यू.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हेलीची चाळिशी. केक तिनेच केला. सासरे येऊन कॉफी पिऊन गेले. ते गेल्यावर मी ही वही टेबलावर तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, वाच.

तिने उघडली नाही. म्हणाली, यार्को, या घरात टॉवेल कोण धुतं? आणि एतु तुझ्याशी बोलायच्या आधी माझ्याकडे आला होता, ऑगस्टमध्येच. बिचारा अर्धा तास दारात चुळबुळत उभा होता.

मी विचारलं, तर मग बाईंसमोर एकदाही नाही असं का म्हणालीस?

ती कप विसळत होती. म्हणाली, पत्र लिहून वाढवून मिळतं हे नर्सने मला जूनमध्येच सांगितलं होतं. मिळाले असते तीन महिने. मग पुन्हा तू वाटाणे घेऊन बसला असतास आणि मी दिवस मोजत. मी दमले रे. मला कोणीतरी संपलं म्हणायला हवं होतं, आणि ते मला स्वतःच्या तोंडाने म्हणवत नव्हतं.

मी म्हणालो, मला वाटत होतं हे मी केलं. ती म्हणाली, केलंसच तू. आणि मीही केलं.

नंतर तिने हात पुसले आणि माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघंही रडलो, बराच वेळ, केक तसाच राहिला. मग मी विचारलं, शुक्रवारचा तास रासानेन बाईंना परत देऊन टाकू का. हेली म्हणाली, मुळीच नाही, उद्या मीही येते. पण सात वाजल्याशिवाय खाली उतरायचं नाही.