ताईचा डावा गाल

१० जाने. ५४, रवि.
मामांनी दिलेल्या बॉक्स कॅमेऱ्याचा पहिला रोल धुऊन आला. आठांतले तीनच धड. एकात आई आणि विहीर एकावर एक. रोल पुढे फिरवायलाच विसरले होते. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये मूलचंदकाकांचा स्टुडिओ, राहत्या बराकीतच. काका हसले नाहीत, समजावून सांगितलं. "बेटी, पहले रोल घुमाव, बादमें खटका. और सूरज तुम्हारी पीठ पे." परतताना टांग्यात प्रत्येकाच्या तोंडावर ऊन कुठून पडतंय तेच बघत होते.

१७ जाने., रवि.
काकांनी आज अंधाऱ्या खोलीत येऊ दिलं. काकू दाराशी बसल्या होत्या, बरं झालं. लाल दिवा, बशीत कोरा कागद. आधी केस दिसले, मग डोळे... अंगावर काटा आला. उद्या अंबरनाथला शाळेत पाढे घ्यायचेत. कसे घेणार!

२१ जाने.
जेवताना अण्णांनी विषय काढला. कल्याणचं स्थळ, फोटो मागितलाय. "तूच काढ. डावा गाल येऊ देऊ नकोस." ताई तिथेच वाढत होती. लहानपणी रॉकेलची चिमणी कलंडली, तेव्हाची भाजल्याची खूण, कानापर्यंत. सत्ताविसावं चालू आहे तिला. तिचं झाल्याशिवाय माझं नाही. तिकडे व. थांबलेत, आमच्याच शाळेत गणित शिकवतात ते. आमचं ठरलंय ते घरी कुणालाच माहीत नाही. आजही विचारलं, "अजून किती थांबायचं?" मी वह्या तपासत राहिले.

२४ जाने., रवि.
अंगणात काढले. ताईला उजवीकडून उभी केली. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघत होते. दोन झाले. तिसऱ्याला ती वळली, थेट समोर.
"ताई, मान फिरव ना."
"असाच काढ एक."
खटका दाबला. हलला की काय वाटलं, म्हणून आणखी एक काढला, तसाच. आई आतून ओरडत होती, आटपा म्हणून. मला आटपायचं नव्हतं.

७ फेब्रु., रवि.
बाजूचे दोन्ही हलले. समोरचे दोन्ही स्वच्छ. इतका चांगला फोटो मी अजून काढलाच नव्हता. काका खूण बघून म्हणाले, "पेन्सिल मारू? निगेटिव्हपर. दस मिनिट, दाग गायब." समोरच्या एका फोटोची प्रत आधीच निघाली होती, खुणेसकट. दुसऱ्या निगेटिव्हवर... मी म्हटलं, करा.
का म्हटलं? ताईला विचारलंही नाही. डोळ्यांपुढे व. होते, खरं सांगायचं तर.

८ फेब्रु.
अण्णा खूश. "हा बघ, याला म्हणतात फोटो!" आईने डोळे पुसले. ताईने उजेडात नेऊन बराच वेळ बघितला.
"छान आहे गं. मुलगी कुणाची?"
सगळे हसले. ती नाही.
दिवसभर चैन नाही. दुपारी तिला दुसरी प्रत दिली, पेन्सिल न लावलेली. पोलक्यात खोचली तिने.

१३ फेब्रु.
अण्णांनी पाकीट दिलं, पत्र आत, फोटो घालून अंबरनाथच्या पोस्टात टाक म्हणाले. मी ते ताईपुढे ठेवलं. पेन्सिल लावलेला फोटोही. दुसरा तिच्यापाशीच होता.
"तू घाल. कुठला ते तू ठरव."
"तू जरा बाहेर जा."
गेले. परत आले तर पाकीट चिकटवलेलं, बाकी चटईवर काही नाही. उरलेला कुठे आहे, विचारलं नाही. टाकताना पेटीच्या तोंडाशी हात अडकला. उजेडात धरून बघावंसं वाटलं. टाकलं.

१६ फेब्रु.
नवा रोल भरलाय, फोटो काढवत नाही. व. ना अजून काही सांगितलेलं नाही.

२० फेब्रु., शनि.
पत्र आलं. फोटो पाहिला, उद्या मुलगी बघायला येतो. एवढंच. अण्णांनी साखर वाटली. मी मागच्या दारी ताईला गाठलं. तांदूळ निवडत होती.
"कुठला घातलास? सांग ना."
"येतील तेव्हा कळेलच."
"ताई!"
तिने सूप खाली ठेवलं.
"उद्या बैठक ओटीवर घाल. आत नीट दिसत नाही."