चार दिवस बाहेर

विचुंबे, पनवेल
६ ऑगस्ट २०२५

ती. अरुंधतीआत्यास,
चारुताचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात ठेवून दिलंयस, म्हणून तुझ्या इंजिनीअर भाचीला पाकिटाला डिंक लावत बसावं लागतं. माझा ऑफिसातला जोडीदार सत्यजीत त्याचेही फोटो काढतो. खुशाल हस म्हणावं त्याला!

उरणकडचा खाडीचा बांध फुटून कोळ्यांच्या अडतीस घरांत खारं पाणी शिरलं, हे तुला मागे लिहिलंच होतं. ती माणसं आता इथल्या मैदानावर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचं पाणी, साबण, कचरा, संडास, सगळं आमच्या संस्थेकडे, म्हणजे माझ्या डोक्यावर. ट्रकवरून आणलेले आठ तयार संडास मी उभी राहून बसवून घेतले, आत नळ, वर दिवा. पाण्याचा उतार इतका झकास साधलाय की बाबासुद्धा नावं ठेवणार नाहीत. छावणीतली ठमाबाई मला संडासवाली बाय म्हणते. तिने तीस वर्षं बाजारात ओरडून मासळी विकली आहे, त्यामुळे हे नाव आता शेजारच्या सुकापूरपर्यंत पोचलं असेल.

पण आत्या, घोळ झालाय. बायकांच्या चार संडासांकडे बायका मधूनमधून फिरकतच नाहीत. म्हणून मी आणि सत्यजीत फॉर्म घेऊन घरोघर गेलो. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी प्रश्न अगदी सभ्य केला होता: महिन्यातून किती दिवस बाहेर? एकजात सगळ्यांनी खाली मान घालून सांगितलं, चार दीस भायेर. मी लिहिलं, महिन्यातले चार दिवस उघड्यावर जातात. कारणाच्या रकान्यात लिहिलं, जुनी सवय.

आमच्या इंद्रजीत सरांनी रिपोर्ट वर पाठवला. वरून हुकूम आला की वापर नसेल तर बायकांचे चार संडास सोमवारी, १८ तारखेला, उचलून दुसऱ्या छावणीत न्या. मग उरलेल्या चारांत बाप्ये-बायका सगळे एका रांगेत. मला नुसतं रडू येतंय. एवढं करून ह्या बायका अशा का वागतात, तूच सांग.

लोभ असू दे, आणि तो बेसनाच्या लाडवांतून दिसू दे.
तुझी
चारुता

---

कोथरूड, पुणे
९ ऑगस्ट २०२५

चि. चारुता हिस,
अरुंधतीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं गाढवे! 'महिन्यातून किती दिवस बाहेर' असं तू बायकांना विचारलंस? आणि तो सत्यजीत पेन उघडून शेजारी उभा असताना? त्यांनी मान खाली घातली नसती तर काय केलं असतं बिचाऱ्यांनी! मी इतकी हसले की शेजारची आशालता डोकावून गेली.

बाहेर म्हणजे पाळी, बाई. बाहेरची झाली, बाहेर बसली, असंच आम्ही म्हणायचो. तुझ्या आईने हा शब्द तुझ्या कानावर पडू दिला नाही, ते फार चांगलं केलं. पण त्यामुळे तुझा रिपोर्ट साफ चुकलाय. त्यांनी खरं तेच सांगितलं, तू भलतंच लिहिलंस.

नंतर मात्र माझं हसू गेलं. त्या चार दिवसांत त्या तुझ्या झकास संडासात का येत नाहीत? कापड कुठे धुतात, कुठे वाळवतात? ते विचार. फॉर्म घरी ठेव आणि सत्यजीतलाही घरी ठेव. कालची नारळी पौर्णिमा त्यांना छावणीत काढावी लागली, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस, नारळ ने. त्यांच्यात मांडी घालून बस आणि आधी स्वतःची चूक सांग.

लाडू पाठवतेय. सत्यजीतला एकच द्यायचा. माया आहे तेवढी सगळी तुलाच, त्यात वाटेकरी नको.
तुझी
आत्या

---

विचुंबे, पनवेल
२३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
गाढवीचा सा. न. वि. वि.

नारळ घेऊन गेले. चूक सांगितली तेव्हा ठमाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणे छावणीभर चर्चा होती की सरकारला आमच्या चार दिवसांचं काय पडलंय, नवी योजना आली की काय!

मग हळूहळू बोलत्या झाल्या. आपल्या संडासांची दारं बरोब्बर त्या कट्ट्यासमोर आहेत जिथे बाप्ये जाळी शिवत बसतात. हातात कापड घेऊन त्यांच्यासमोरून जायचं कसं? वाळत घालायचं कुठे? म्हणून त्या उजाडायच्या आत नाल्यावर जातात, आणि वाळलं नाही की ओलंच कापड परत बांधतात. ठमाबाईची सून शांती तापाने फणफणली होती, ती त्यामुळेच. मी उतार मोजला, आत्या, पण दार कुणाच्या तोंडासमोर उघडतं ते पाहिलंच नाही. फार लाज वाटली.

लगेच इंद्रजीत सरांना गाठलं. मीटिंगमध्ये अकरा पुरुषांसमोर उभी राहून पाळी हा शब्द मोठ्याने म्हटला. एका साहेबांनी चष्मा पुसायला घेतला, तो मीटिंग संपेपर्यंत पुसत होते. हुकूम मागे घेऊ म्हणाले, पण कागद काही निघाला नाही, आणि सोमवारी सकाळी दारात ट्रक हजर!

मी सरांना फोनवर फोन लावत सुटले. ड्रायव्हर उतरून बघतो तर चारही संडासांना आतून कड्या. त्याने वाजवलं, तर आतून ठमाबाईचा आवाज आला की वापर चालू हाय, टाइम लागंल. बाहेर बायकांची ही रांग, प्रत्येकीच्या हातात टमरेल. एक निघाली की दुसरी आत. तो बिचारा चहा पिऊन आला, जेवून आला, तरी वापर चालूच! दोन वाजता कागद आला आणि ट्रक रिकामा गेला.

पुढचं काम ठमाबाईच्या दिराने, दिनानाथने, केलं. तो जासईला कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवतो. मालकाला विचारून त्याने एक भंगारातला कंटेनर आणला. त्याचं दार आम्ही कट्ट्याकडे पाठ करून लावलंय, आणि संडासांसमोर आडभिंतही घातलीय. कंटेनरमध्ये नळ, मोरी, झाकणाचा डबा, वर ऊन येईल असा पारदर्शक पत्रा आणि त्याखाली वाळत घालायला दोऱ्या. कडी अर्थातच आतून. मी हौसेने पाटी रंगवली: महिला स्वच्छता कक्ष. ठमाबाईने रंग ओला असतानाच पदराने पुसून टाकली. एवढं लांब कोण बोलणार, म्हणाली, आणि दोनच अक्षरं लिहायला लावली.

'आत.'

आता कुणी पोरीची चौकशी केली की सांगता येतं, आत हाय.

तुझा लोभ होता म्हणून निभावलं. तो पुढेही लागणारच आहे.
तुझी
चारुता

---

कोथरूड, पुणे
२६ ऑगस्ट २०२५

चि. चारुता हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा टमरेलांच्या रांगेपाशी हसू आवरेना. दुसऱ्यांदा पाटीपाशी थांबले ती थांबलेच.

तेराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत दर महिन्याला मी मागच्या पडवीत. गोणपाट वेगळं, ताट वेगळं. मॅट्रिकच्या पेपरालाही तिथूनच उठून गेले. तुझा बाप कमलाकर तेव्हा एवढासा होता. ताई आत का येत नाही म्हणून भोकाड पसरायचा, तेव्हा आई सांगायची की ताईला कावळा शिवला. तर कमलाकर खिसाभर दगड घेऊन अंगणात कावळे हाकलत उभा राहायचा. घरात माझ्यासाठी भांडलेला तो एकटाच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला वाचून दाखव, आणि म्हणावं आता दगड टाक.

गौरी गेल्या की मी पनवेलला येतेय. कानातलं यंत्र आणत नाही, ठमाबाईसाठी त्याची गरज पडेलसं वाटत नाही. पाटीचा फोटो मात्र पाठवू नकोस. मला त्या पाटीखालून स्वतःच्या पायांनी आत जायचंय.

तुझीच,
आत्या