‘रंगत’ला जुळणारा शब्द

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (पोटावर पालथा पडून लिहितोय, त्यामुळे नमस्कार अक्षरशः साष्टांग आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? मामी जिना चढू देते का, की अजून खालच्या खोलीतच मुक्काम? इकडे आई मजेत. बाबा जिवंत आहेत. हे मुद्दाम का लिहितोय ते पुढे येईलच.

तुला माहितीये, मी रॅप शिकतोय. गुरू वगैरे कोणी नाही, मोबाइलवर बघायचं आणि बडबडत सुटायचं. आईने थोडे दिवस सहन केलं, मग मला बाबांच्या चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. तिथे मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे, ते खर्र-खट, खर्र-खट असा फर्स्टक्लास ठेका धरतं. त्यावर मी लिहायला लागलो. (बाहेर बाबा गिऱ्हाइकांकडून तक्ता वाचून घेत असायचे. आतून माझा आवाज चढला की लोक तक्त्यावर नसलेलीच अक्षरं वाचायचे. एका आजोबांना त्यापायी भलताच नंबर लागला. त्यांना आता जिना डबल दिसतो, पण त्यांची तक्रार नाही.) रॅपला दोन गोष्टी लागतात, हिंमत आणि यमक. हिंमत माझ्याकडे भरपूर. यमकाचे वांधे. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे माझं मराठी म्हणजे हॉलमध्येच बसवून परत पाठवलेला पाहुणा, आतल्या खोल्या त्याने कधी बघितल्याच नाहीत.

तेवढ्यात दुकानदारांच्या मंडळाचं स्नेहसंमेलन आलं आणि मी ठरवलं, बाबांवरच रॅप करायचं. खरं सांगू? बाबांनी माझं एकही रॅप शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. ऐकून त्यांनी एकदा “बरं आहे” म्हणावं, मला एवढंच हवं होतं. (कोणत्याही चांगल्या गोष्टीला ते “बरं आहे” म्हणतात. आईलाही लग्नाआधी तेवढंच म्हणाले होते.) ‘दुकानात संगत, कामात रंगत’ इथपर्यंत झकास जमलं, पण पुढचा शब्द काही सापडेना. मग आठवलं, ‘दिवंगत’. हा शब्द मी पेपरात नेहमी बड्या माणसांच्याच नावाआधी बघितलाय, दिवंगत उद्योगपती, दिवंगत न्यायमूर्ती. शिवाय आत ‘दिव’ आहे, म्हणजे दिव्यासारखं तेज वगैरे असणार, असं मी धरून चाललो. स्टेजवर ‘माझा बाप दिवंगत’ म्हणून मी हात वर नेला आणि इफेक्टसाठी थांबलो.

थांबलो तिथेच घोळ झाला. मंडळाचे अध्यक्ष नवीन, बाबांना ओळखत नव्हते. ते डोळे टिपत उठले. मग पहिली रांग उठली, मग अख्खा हॉल, सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं, लोक उभं राहून दाद देतायत. जरा शांतपणे देतायत, पण देतायत. बाबासुद्धा उभे होते. (सगळे उठले की आपण बसून राहायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.) बराच वेळ मान खाली घालून झाल्यावर त्यांनी शेजारच्या औषधवाल्या काकांना हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“तू,” काका म्हणाले.

बाबा शेवटपर्यंत तसेच उभे राहिले. मध्येच बसणं बरं दिसलं नसतं.

तेव्हापासून दुकानात वेगळाच प्रकार चाललाय. कधीचे पडून असलेले चष्मे लोक येऊन घेऊन जातायत, दुकान बंद व्हायच्या आत. काचांचा होलसेलवाला फोनवर बाबांनाच विचारतो, आता धंदा कोण बघणार? बाबा म्हणतात, मीच. तो म्हणतो, तुम्ही त्यांचे कोण? बाबा फोन ठेवून देतात. मला ते ओरडले असते तर परवडलं असतं. पण नाही. मी मागच्या खोलीत गेलो की ते येतात आणि मशीन बंद करतात.

एक मात्र झालं. अध्यक्षांनी चूक सुधारायला मला पुढच्या सभेत पुन्हा बोलावलंय. बाबा येणार आहेत. “निस्तरू दे त्याचं त्याला,” असं आईजवळ म्हणाले म्हणे. म्हणजे या वेळी तरी ते शेवटपर्यंत ऐकतील. पुन्हा माती खाल्ली, तर ते मशीन माझ्यासाठी कायमचं बंद.

मामीला नमस्कार.

तुझा भाचा
(रॅपर म्हणून नाव अजून ठरायचंय)

ता. क. गुडघा ठीक असेल तर सभेला ये. ठीक नसेल तरी ये. माझं तुझ्याकडे एक काम आहे.

ता. क. पुन्हा. काळजीचं काही नाही, शब्द सापडलाय. आणि या वेळी चक्क डिक्शनरीत बघून घेतलाय. अमर, म्हणजे जो कधीच मरत नाही. याच्याहून जिवंत माणूस असूच शकत नाही. मागे पडद्यावर बाबांचा मोठा फोटो असेल, फ्रेमसकट. मी हात वर करून बाबांचं नाव घेईन आणि थांबेन. तुझा आवाज खणखणीत आहे, म्हणून हे काम तुझ्यावर सोपवतोय. तू पहिल्या रांगेतून उठायचंस आणि पूर्ण ताकदीने ओरडायचंस, “अमर रहे!” बाकीचा हॉल तुझ्यामागून म्हणेल.