अनामिक पुजाऱ्याची तक्रार

बौशर, मंगळवार सकाळ

प्रिय चंद्रहासराव,

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द हाताच्या सवयीने पडला आहे, त्यावर विसंबून राहू नये.) आपली प्रकृती उत्तम असणार. पहिलं बक्षीस मिळालेल्या माणसाची प्रकृती बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. ज्वालामुखीवर धरलेला तुमचा गुडघा सुटला असेल, अशी आशा आहे. नसेल सुटला तरी चालेल. सौ. मधुवंतीला आशीर्वाद. तिचा यात काही दोष नाही. तिने तुमच्याशी लग्न केलं, पण तेव्हा ती लहान होती.

तुम्ही म्हणाल, अल खौद ते बौशर गाडीने अर्धा तास, मग पत्र कशाला? तर फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एवढ्या मीटिंगा होत असतील तर प्रयोग कोण करतं, हे विचारायचं राहून गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तीन परिच्छेद लिहून पाठवले, त्यावर तुमच्याकडून एक अंगठा आला. तिन्हींपैकी नेमक्या कुठल्या परिच्छेदाला तो अंगठा होता हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे. आपल्या इथे आखातात दारावर पोस्टमन येत नाही, तेव्हा उद्या मधुवंती बहिणीकडे, आमच्या विद्याकडे, भाजणी न्यायला येईल तिच्या पिशवीत तळाशी हे पाकीट सापडेल. पीठ लागलं असेल तर झटकून वाचावं.

मुद्द्याचं आधी लिहितो, कारण पुढे मला राग येणार आहे. शुक्रवारी मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. त्यात ‘परके चेहरे’ या विभागात पहिला आलेला तुमचा फोटो चार फूट उंचीचा करून हॉलच्या दारासमोर लावणार आहेत, आणि त्याखाली ‘अनामिक पुजारी, जावा’ असं लिहिणार आहेत. तो फोटो शुक्रवारच्या आत काढून घ्या. तो पुजारी मी आहे. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आदिलला माहीत आहे. विद्याला माहीत नाही, आणि तिने तो फोटो पाहता कामा नये. (मोदकाच्या सारणावरून झालेल्या प्रकारानंतर ती मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडली, त्यामुळे तो फोटो छापलेली निमंत्रणपत्रिका तिने पाहिलेली नाही. पण शुक्रवारी ती येणार आहे. साडी इस्त्रीला गेलीसुद्धा.)

आता या सगळ्याची सुरुवात कोणी केली ते आठवा. ईदच्या सुट्टीत मी घरी झोपणार होतो. अकरा वर्षं मी दुक्मला रिफायनरीच्या कामावर आहे. आठवडाभर पत्र्याच्या केबिनमध्ये राहायचं, पुरुषांच्या मेसमध्ये पुरुषांनी केलेलं जेवायचं, आणि गुरुवारी साडेपाचशे किलोमीटर गाडी हाणत घरी यायचं. अशा माणसाला सुट्टी म्हणजे स्वतःची उशी. पण तुम्ही आदिलला घरी घेऊन आलात. रत्नागिरीचा माणूस, कॅमेऱ्याचं दुकान, बोलणं गोड. त्याने टेबलावर जावाच्या सहलीचं रंगीत पत्रक पसरलं: बेटं, मंदिरं, ज्वालामुखी, आठ दिवस, सोबत जाणकार मार्गदर्शक (म्हणजे तोच). तुम्ही विद्यासमोर म्हणालात की शिरीषराव, दुक्मला राहून तुमची नजर मेली आहे. मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मी वेल्डिंगचा इन्स्पेक्टर. आयुष्यात मी काही हजार फोटो काढले असतील, सगळे पाइपच्या जोडांचे. बाजूला मोजपट्टी, वर खडूने लिहिलेला नंबर. एक तरी फोटो असा काढावा की ज्यात मोजपट्टी नसेल, असं मला फार वाटायचं. हे मी तुम्हाला पूर्वी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखे तुम्ही नाही आहात. विद्याला शाळेच्या पेपरांमुळे येता येईना. तिनेच मला ढकललं.

पहिले दोन दिवस बेटावर. आदिलने कोळी ठरवला होता. पहाटेच्या उन्हात होडीत उभा राहून त्याने जाळं फेकलं, आपण बारा जणांनी फोटो काढले. मग आदिल ओरडला, “परत एकदा! यल्ला, लाइट चाललाय!” त्याने परत फेकलं. असं त्याने चौदा वेळा फेकलं आणि चौदाही वेळा त्या जाळ्यात मासळीचं खवलंही आलं नाही. मी आदिलला विचारलं की याला मासे मिळत नाहीत तर याचं चालतं कसं. आदिल म्हणाला, “शिरीषभाय, ह्यो मासं धरत नाय, ह्यो फोटूच देतो.” नंतर तो कोळी होडीतून उतरला, घड्याळ लावलं, आणि स्कूटरवर बसून दुसऱ्या ग्रुपकडे गेला. मला त्याचा हेवा वाटला. रोज एकच काम चौदा वेळा करून रिकामं जाळं ओढायचं हे मीही करतो, पण माझा कोणी फोटो काढत नाही, असं मी तुम्हाला म्हणालो. (हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवलेलं दिसतं.)

मग ज्वालामुखी. त्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण मला तो दिसला नाही. समोर पांढरं धुकं होतं आणि धुक्याच्या पुढे तुमची टोपी होती. ती निझव्याहून आणलेली रुंद काठाची गवती टोपी कुठल्या फोटोग्राफरने घालावी? आदिलने एकच जागा नेमून दिली होती, बाराही तिपाया खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि तुम्ही दरवेळी ‘एक मिनिट हं’ म्हणून माझ्या पुढे. घरी येऊन मोजले. माझ्या एकोणीसशे फोटोंपैकी चारशे सहामध्ये तुमची टोपी आहे. त्यातल्या काहींत ती इतकी स्वच्छ आणि रेखीव आली आहे की दुकानदाराला पाठवावी.

आणि मग ते देऊळ. मोठ्या प्रसिद्ध मंदिरापासून अर्ध्या तासावर भातशेतीत एक लहानसं दगडी देऊळ होतं, आत देव नाही, काळोख आणि वटवाघळांचा वास. तिथे आदिलने एक म्हातारा पुजारी ठरवला होता. पांढरं वस्त्र, धूर, मिटल्या ओठांची पुटपुट, अशी सगळी मांडणी. तो आलाच नाही. त्याला जपानी ग्रुपने आधीच उचलला होता. आदिल डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, एक म्हातारा पायजे, सडपातळ, हिंदू असला तर बेष्ट. बारा जण एकमेकांकडे बघत होते, आणि तुम्ही, चंद्रहासराव, तुम्ही कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालात, “आमचे शिरीषराव आहेत ना!”

मी छप्पन्न वर्षांचा आहे. आपल्यात सात वर्षांचं अंतर आहे, सत्तर नव्हे. तरी मी बसलो, कारण अकरा माणसं उन्हात उभी होती आणि मला नाही म्हणता येत नाही. येत असतं तर मी दुक्मला अकरा वर्षं काढली नसती. हॉटेलच्या पलंगावरची चादर मला गुंडाळली. कोपऱ्यात हॉटेलचं नाव होतं, ते आदिलने आत खोचलं. शर्ट, चष्मा, घड्याळ काढून घेतलं. माझा कॅमेरा तुमच्या बॅगेत गेला. मडक्यात नारळाच्या शेंड्या पेटवल्या. मग आदिल म्हणाला, आता कायतरी मंत्र म्हणा, ओठ हलायला पायजेत. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला एकही स्तोत्र आठवेना. लहानपणी पाठ केलेलं सगळं धुरात गेलं. शेवटी मी एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. सत्तेला मी शाळेपासून अडकतो, तसा तिथेही अडकलो, मग परत एकपासून. परीक्षकांनी या फोटोबद्दल लिहिलं आहे की ‘पुजाऱ्याच्या ओठांवर युगानुयुगांचे मंत्र जिवंत झाले आहेत.’ पुढे लिहिलं आहे की ‘त्याची खाली वळलेली दृष्टी स्वतःच्या अंतरंगात उतरली असून, ओंजळीतून उमटून चेहऱ्यावर पसरलेला मंद प्रकाश कुठून आला हे एक गूढच आहे.’ आणि तुम्ही ते छापून घेतलंत.

मी पैसे भरून फोटो काढायला गेलो आणि त्या कोळ्याच्या पंगतीला बसून परत आलो, हेही मी गिळलं असतं. पण स्पर्धेचा नियम चौथा काढून वाचा: नातेवाइकांचे फोटो चालणार नाहीत. परवा कसाबसा फोनवर सापडलात तेव्हा तुम्ही मला म्हणालात की साडू हे नातं बायकांच्या बाजूने असतं, आपलं दोघांचं थेट असं काही नाही. एकोणीस दिवाळ्या आपण शेजारी बसून फराळ केला, चंद्रहासराव. तुमच्या अ‍ॅपेंडिक्सच्या वेळी मी दुक्महून निघून पहाटे हॉस्पिटलात पोचलो होतो. तेव्हा तिथल्या नर्सने विचारलं होतं, पेशंटचे कोण? मी ‘भाऊ’ असं सांगितलं होतं. अनामिक काय!

तेव्हा फोटो काढून घ्यावा. बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या उंटाला मिळेल. तो उंट निदान कुणाचा साडू नाही. कळावे. लोभ होता, तो आता किती उरलाय हे शुक्रवारी ठरेल.

आपला (आणि सध्या मंडळाचाही),
शिरीष

ता. क. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. त्या मंद प्रकाशाचं गूढ तुम्हाला सांगून टाकतो. तो मोबाइलचा होता. कॅमेरा, चष्मा सगळं काढून घेतलंत, पण फोन मी चादरीखाली मांडीवर ठेवला होता. पाढा म्हणता म्हणता तो थरथरला आणि मी चादरीआडून ओंजळीत धरून बघितलं. चष्म्याशिवायही वाचता आलं, इतकं थोडकं होतं. आम्हा प्रोजेक्टवाल्यांत ‘डिमोब’ असा एक शब्द आहे. तुम्ही विद्यापीठातले, तुम्हाला तो ठाऊक नसणार. काम संपत आलं की माणसाला साइटवरून उतरवतात, त्याचं पत्र. माझं ते आलं. या तीस तारखेला नोकरीचा शेवटचा दिवस. या आठवड्यात मी घरी आहे तोही उरलेली रजा संपवायला. तुम्ही सगळे खट्याक खट्याक करत होतात तेव्हा मी सत्तेला नव्हे, तिथे अडकलो होतो.

ता. क. २. विद्याला मी अजून सांगितलेलं नाही. सहा आठवडे झाले. सावनीची बारावी आहे, परीक्षेच्या आधी घरात हा विषय नको, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला सांगता येत नाही. फोटोत माझ्या गालावर जे ओघळ दिसतात ते धुराचे नाहीत, आणि विद्या चोवीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आहे. परीक्षकांना फसवणं सोपं. म्हणून शुक्रवारच्या आत काढा म्हणतोय. नियम, उंट, अ‍ॅपेंडिक्स हे सगळं तुम्हाला लाजवण्यासाठी लिहिलं. काढणं जमणार नसेल तर एवढं करा. तिने विचारलं तर धूर फार होता म्हणून सांगा. तुम्ही तिथे होतात, तुमचं ती खरं मानेल.

ता. क. ३. मंगळवार संध्याकाळ. आता धुराचं सांगू नका. मधुवंतीने कौतुकाने निमंत्रणपत्रिका विद्याला पाठवली. सावनीने आधी बघितली आणि धावत आली, “बाबा, धिस इज यू, ना? तू का रडतो आहे?” मी म्हटलं, पुजारी आहे तो, जावाचा. विद्याने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मग सावनीला आत अभ्यासाला पाठवलं आणि मला म्हणाली, “डिमोब आलं का?”

मी धुराचं म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यातून ‘हो’ निघालं. ती रागावली नाही, त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. सहा आठवडे एकट्याने बाळगलंत, एवढंच म्हणाली, आणि माझ्याजवळ येऊन बसली. सावनीची परीक्षा होईपर्यंत विद्याच्या शाळेच्या पगारात कसं भागवायचं ते आम्ही बोललो. मग ती परत तो फोटो बघत बसली.

तर विनंती अशी. फोटो राहू द्या. (चांगला आहे. हे लिहिताना मला त्रास होतो आहे.) विद्याला तो प्रदर्शनानंतर घरी हवा आहे. पण ‘अनामिक’ काढा आणि माझं नाव घाला. नियम चौथ्याप्रमाणे तुमचं बक्षीस जाईल, ते जाऊ द्या. समितीला मी तुमचा कोण लागतो ते तुम्हीच सांगा. नाव पूर्ण लिहा: शिरीष दामोदर खांबेटे, बौशर. त्यापुढे मंडळ सगळ्यांचा हुद्दा छापतं. माझा विचारतील. तिथे काही लिहू नका.