बिननावाच्या राक्षसाला कुणाचं नाव

काका, तो पिक्चर आठवतो का तुम्हाला, मेलेल्या माणसांचे तुकडे जोडून एक शास्त्रज्ञ जिवंत माणूस उभा करतो तो? होता इंग्रजी, पण बोलायचे सगळे हिंदीत. अमरावतीच्या बाजारात आपली फुलं लवकर खपली की तुम्ही मला दुपारच्या खेळाला न्यायचात. आईला सांगायचं नाही, एवढीच अट. त्या दिवशी मी अर्धा वेळ फ्रॉकमध्ये तोंड खुपसून बसले होते. बाहेर येऊन भजी खाताना तुम्ही म्हणालात, "काहून भेतं व पोट्टे? त्याले बनवलं अन् सोडून देल्लं. एखाद्यानं जेवाले त बसवा लागत होतं त्याले." माझा बाप आम्हाला टाकून गेल्यावर आईनं तुमच्याशी पाट लावला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत, "मले काका म्हन. जबरदस्ती नाही."

पुढे तो राक्षस मला जिथे तिथे भेटत गेला. कार्टूनमध्ये हिरवा आणि मठ्ठ, जत्रेत रबरी मुखवटा होऊन, आता तर माझ्या पोराच्या टी-शर्टवर. मानेत खिळे, कपाळाला टाके आणि बोलणं म्हणजे नुसती गुरगुर. कॉलेजात मूळ कादंबरी वाचली तेव्हा कळलं, हा बाबा तर पुस्तकं वाचतो, आपली बाजू वकिलासारखी मांडतो! त्याच वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी नांदगावच्या घरी झेंडूचे हार गुंफताना मी तुम्हाला ती सगळी गोष्ट सांगतेय. तुम्ही सुई न थांबवता विचारता, "मंग नाव काय त्याचं?" मी म्हणते, नावच नाही ठेवलं. लोक बनवणाऱ्याचं नाव त्यालाच लावतात, पण आमचे सर म्हणतात ती चूक आहे. तुम्ही हसता. "चूक कायची? लेकराले बापाचं नाव लागनच. बापानं टाकून देल्लं तरी लागते." आणि मग तुमची सुई थांबते. माझ्या नावापुढे कुणाचं नाव होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मला इतकं लागलं की मी पुढची गोष्ट सांगितलीच नाही. तुम्ही झेंडूची टोपली माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "गुंफ माय, बाजार उघडन."

आता अकोल्यात आमच्या हौशी मंडळासाठी मीच त्या कादंबरीचं वऱ्हाडी नाटक केलंय. मूळ गोष्टीत एक आंधळा म्हातारा आहे. त्याला राक्षसाचं तोंड दिसत नाही, म्हणून तो त्याच्याशी माणसासारखं बोलतो. तेवढ्यात घरचे लोक येतात आणि राक्षसाला बदडून हाकलतात. पिक्चरवाल्यांना हा प्रसंग फार आवडतो. कुणी त्यावर रडवलं, कुणी पोट धरून हसवलं. मी त्या म्हाताऱ्याच्या हातात सुईदोरा आणि झेंडू दिला. तो राक्षसाला भाकर वाढतो, नाव विचारतो. राक्षस म्हणतो, नाव नाही. म्हातारा म्हणतो, "मंग माह्यं लाव." आमचा दिग्दर्शक, तरणा पोरगा, हटूनच बसला. "मॅडम, हे पुस्तकात नाही, एकाही पिक्चरमध्ये नाही. काढून टाका." मी म्हटलं, वाक्य काढलंत तर नाटक माझं नाही. दोन दिवस तालीम बंद होती. शेवटी वाक्य राहिलं. काठ्या घेऊन लोक येतात ते त्यानंतर, पुस्तकात येतात तसेच.

काल पोस्टरसाठी दिग्दर्शकानं माझं पूर्ण नाव मागितलं. "मधी सायबांचं टाकू का वडिलांचं?" वडिलांचं, म्हटलं, आणि तुमचं नाव सांगितलं. घरी नवऱ्याला सांगताना जरा धाकधूक होती. तो म्हणाला, "बरं केलं. त्यांच्या हातचे हार आपल्या लग्नात होते." मग मात्र मला रडू आलं. पोस्टर आज लागलं. माझ्या आणि आडनावाच्या मध्ये तुम्ही आहात, आणि त्याच्याच वर हिरव्या तोंडाचा तो राक्षस, कारण त्याशिवाय तिकिटं खपत नाहीत म्हणे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. मंडळात सगळ्यांना वाटतं, "मंग माह्यं लाव" हे वाक्य माझ्या वडिलांच्या तोंडचं आहे. मीही तसंच वाटू दिलं. पण तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत, काका. मी त्या दिवशी हार संपेपर्यंत त्याची वाट पाहत होते.